लुई पाश्चर

लुई पाश्चर (२७ डिसेंबर १८२२ – २८ सप्टेंबर १८९५) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. किण्वन हे सूक्ष्मजीवांचे कार्य आहे हे त्यांनी दाखवून दिले, दूध व मद्य टिकविण्याची ‘पाश्चरीकरण’ ही पद्धत शोधली आणि काळपुळी व कोंबड्यांचा कॉलरा या रोगांवर लसी तयार केल्या. मात्र सर्वसामान्यांच्या स्मरणात ते राहिले ते पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील उपचारामुळे. १८८५ पूर्वी असा दंश झालेल्या माणसाला लोखंडाच्या तापलेल्या सळईने डागून घेणे आणि वाट पाहणे एवढेच हाती होते. पाश्चर यांनी दंश झाल्यानंतरही लस देता येते, हे दाखवले. ते स्वतः वैद्य नव्हते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात वारंवार महत्त्वाची ठरते.

जन्म व बालपण

पाश्चर यांचा जन्म पूर्व फ्रान्समधील झ्युरा भागात दोल या गावी झाला. वडील झां-जोझेफ हे नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. सैन्य सोडल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा वडिलोपार्जित धंदा पुढे चालवला. लुई लहान असतानाच कुटुंब आर्ब्वा या गावी स्थायिक झाले. शाळेत लुई यांची गणना फार हुशार मुलांत होत नसे. चित्रकलेत मात्र त्यांना चांगली गती होती. त्यांनी काढलेली आईवडिलांची रंगीत खडूची चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. ती पाहणाऱ्याला हा मुलगा पुढे चित्रकार झाला नाही याचे नवल वाटावे, इतके त्यांतील निरीक्षण बारीक आहे.

१८३१ च्या शरद ऋतूत आर्ब्वा परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. जखमी लोकांना गावातील लोहाराकडे आणून तापलेल्या लोखंडाने डागण्यात आले. त्यांतील काही जण पुढे तडफडून मरण पावले. नऊ वर्षांच्या आतील लुई यांनी हा प्रकार जवळून पाहिला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पन्नास वर्षांनंतर त्यांनी याच रोगाकडे वळावे, यामागे केवळ ही आठवण होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण ती पुसली गेली नव्हती, हे निश्चित.

रसायनशास्त्रातील कार्य

१८४३ मध्ये पाश्चर यांना पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या शिक्षक घडविणाऱ्या नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला व १८४७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी त्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने वेगळे करून दाखवले, की रासायनिक घटना एकच असूनही ते आरसा आणि प्रतिबिंब यांसारख्या दोन परस्परविरुद्ध रूपांत असतात व ध्रुवित प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवतात. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ बियो यांनी हा प्रयोग स्वतःसमोर पुन्हा करून घेतला आणि मगच तो मान्य केला.

१८४९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे त्यांचा विवाह मारी लोरां यांच्याशी झाला. मारी यांनी आयुष्यभर त्यांच्या लेखनिकाचे व सहकाऱ्याचे काम केले. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. त्यांतील तीन मुली लहानपणीच दगावल्या, दोघी विषमज्वराने. रोगांच्या कारणांचा शोध हा पाश्चर यांच्यासाठी केवळ प्रयोगशाळेतला विषय उरला नव्हता.

किण्वन, रेशमाचे किडे व लसी

१८५४ मध्ये ते लील येथे विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले. बीटापासून अल्कोहोल काढणाऱ्या तेथील कारखानदारांच्या अडचणींतून त्यांचे किण्वनावरील संशोधन सुरू झाले. द्रव आपोआप नासत नाही, हवेतून आलेले सूक्ष्मजीव त्याला नासवतात, हे त्यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंनी सिद्ध केले. उकळलेला रस्सा अशा चंबूत दीर्घकाळ स्वच्छ राही. चंबू कलता करून रस्सा नळीतील धुळीपर्यंत नेला की तो नासे. मद्य ठरावीक तापमानापर्यंत तापवून टिकविण्याची पद्धत त्यांनी १८६५ च्या सुमारास विकसित केली. आपल्याकडे घरोघरी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर आज त्यांचे नाव या पद्धतीच्या रूपाने छापलेले असते.

त्याच वर्षी सरकारच्या विनंतीवरून ते दक्षिण फ्रान्समधील रेशीम व्यवसाय बुडविणाऱ्या किड्यांच्या रोगाकडे वळले. त्याआधी रेशमाचा किडा त्यांनी हाताळलेलाही नव्हता. १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला व शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. यापुढील सर्व काम, म्हणजे लसींचे संपूर्ण संशोधन, त्यांनी अधू हाताने आणि सहकाऱ्यांच्या मदतीने केले. त्यांत एमिल रू व शार्ल शांबरलां यांचा वाटा फार मोठा होता. लोकप्रिय चरित्रांत तो पुष्कळदा झाकला जातो.

१८७९–८० मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना त्यांना आढळले की जुन्या, दुर्बल झालेल्या जंतूंची टोचणी दिलेल्या कोंबड्या नंतर ताज्या जंतूंनाही दाद देत नाहीत. जेन्नर यांनी देवीवर गाईच्या देवीची लस वापरली होती. लॅटिनमध्ये गाईला ‘व्हाका’ म्हणतात, त्यावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द आला. गाईशी काही संबंध नसलेल्या लसींनाही हेच नाव द्यावे, असे पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ सुचवले. १८८१ मध्ये पुई-ल-फोर येथील शेतावर त्यांनी काळपुळीच्या लसीचा जाहीर प्रयोग केला. २ जून रोजी जमलेल्या लोकांनी लस टोचलेल्या मेंढ्या चरताना आणि न टोचलेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या पाहिल्या.

अलर्क रोगावरील संशोधन

अलर्क (जलसंत्रास, रेबीज) हा रोग पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून पसरतो. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. मात्र दंश आणि लक्षणे यांच्यामध्ये बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. याचे कारण असे की, रोगकारक विषाणू रक्तातून न पसरता जखमेजवळील मज्जातंतूंच्या मार्गाने सावकाश मेंदूकडे सरकतो. म्हणूनच पायाच्या दंशापेक्षा चेहऱ्याच्या व डोक्याच्या दंशात धोका लवकर उद्भवतो. पाश्चर यांना विषाणू ही कल्पना आजच्या अर्थाने ठाऊक नव्हती, पण हा मधला अवधी आपल्याला उपयोगी पडेल हे त्यांच्या लक्षात आले. चावा घेतल्यापासून रोग मेंदूत पोचेपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यात शरीराला प्रतिकार शिकवता आला, तर रोगाला आधीच गाठता येईल, असा हा विचार होता.

संशोधनास १८८० मध्ये आरंभ झाला. पहिली अडचण ही की, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसेना आणि रश्श्यात तो वाढेना. तेव्हा जिवंत प्राण्याची मज्जासंस्था हेच त्याच्या वाढीचे पात्र ठरवण्यात आले. रू यांच्या कौशल्यामुळे कवटीला छिद्र पाडून रोगट द्रव्य थेट मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवता येऊ लागले. एका सशापासून दुसऱ्या सशाला असे ते अनेकवार संक्रमित केल्यावर रोगाचा अवधी सुमारे सात दिवसांवर स्थिर झाला. मग अशा सशाचा मज्जारज्जू काढून, कोरडी हवा असलेल्या चंबूत टांगून ठेवला जाई. तळाशी ठेवलेला पोटॅश ओलावा शोषून घेई. दिवसागणिक मज्जारज्जू वाळत जाई व त्यातील विषाचा जोर ओसरत जाई. सुमारे चौदा दिवसांत तो निरुपद्रवी होई. हे काम करताना पिसाळलेल्या कुत्र्याला आवळून धरून त्याच्या जबड्यातून लाळ घ्यावी लागे. प्रयोगशाळेतील तरुणांनी पत्करलेला हा धोका वाचकाने विसरू नये.

पाश्चर यांची मूळ कल्पना माणसांना लस देण्याची नव्हती. रोगाचे मूळ कुत्र्यात आहे, तेव्हा कुत्र्यांनाच लस टोचावी, हा विचार त्यांनी आधी केला. पण त्यांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या पॅरिसमध्ये सुमारे एक लाख व उर्वरित फ्रान्समध्ये सुमारे पंचवीस लाख कुत्री होती. प्रत्येकाला अनेक टोचण्या द्यायच्या तर तितके ससे व तितके कुशल हात आणायचे कोठून? हा मार्ग त्या काळी बंदच होता. म्हणून ते दंश झालेल्या माणसाकडे वळले. १८८४ मध्ये ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रू यांना लिहिलेल्या पत्रात, मृत्युदंड झालेल्या कैद्यांवर त्यांच्या संमतीने हा उपचार करून पाहता येईल का, अशी विचारणा त्यांनी केली होती. सम्राटांनी ती मान्य केली नाही. हे पत्र वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे होते, आणि ते योग्यच आहे.

जोझेफ माइस्टर

४ जुलै १८८५ रोजी सकाळी अल्सेसमधील एका खेड्यात जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला कुत्र्याने खाली पाडून हातापायांना व मांड्यांना चौदा चावे घेतले. कुत्र्याने स्वतःच्या मालकालाही चावा घेतला होता. त्याला ठार करून पोट फाडले, तेव्हा आत गवत, पेंढा व लाकडाचे तुकडे निघाले. पिसाळल्याची ही खूण तेव्हा मानली जाई. बारा तासांनी स्थानिक डॉक्टरने जखमा कार्बॉलिक आम्लाने डागल्या. मुलाची आई त्याला घेऊन पॅरिसला पाश्चर यांच्याकडे पोचली, तो दिवस होता ६ जुलै.

पाश्चर यांच्यापुढील पेच साधा नव्हता. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. म्हणजे उपचार न केल्यास मुलगा कदाचित वाचला असता, आणि उपचाराने कदाचित मेला असता. उलट चौदा खोल जखमा पाहता काहीच न करणे म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करण्यासारखे होते. शिवाय वैद्यकीय परवाना नसल्याने सुई हाती धरण्याचा पाश्चर यांना अधिकार नव्हता. त्यांनी व्हुल्पियां व ग्रांशे या दोन डॉक्टरांना मुलगा दाखवला. दोघांनीही लस द्यावी असे मत दिले. रू हे मात्र या निर्णयाशी सहमत नव्हते. पुरेशा चाचण्या होण्याआधी माणसावर प्रयोग करू नये, असे त्यांचे मत होते आणि ते या उपचारापासून दूर राहिले.

त्याच संध्याकाळी ग्रांशे यांनी पंधरा दिवस वाळवलेल्या मज्जारज्जूचा द्रव मुलाच्या पोटाच्या त्वचेखाली टोचला. पुढील दिवसांत क्रमाक्रमाने कमी वाळवलेला, म्हणजे अधिकाधिक जहाल मज्जारज्जू वापरण्यात आला. अकरा दिवसांत एकूण तेरा टोचण्या झाल्या. १६ जुलै रोजी दिलेली शेवटची टोचणी जवळजवळ ताज्या मज्जारज्जूची होती. मुलगा सशांशी व गिनीपिगांशी खेळण्यात रमला होता. झोप उडाली होती ती पाश्चर यांची. शेवटच्या टोचणीनंतरचे दिवस त्यांनी अत्यंत अस्वस्थतेत काढले. आठवडे गेले, महिने गेले, जोझेफ निरोगी राहिला.

ऑक्टोबरमध्ये झ्युरा भागातील झां-बातिस्त झ्युपिय हा पंधरा वर्षांचा मेंढपाळ मुलगा आला. लहान सवंगड्यांना वाचविण्यासाठी तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झटला होता. त्याच्यावर उपचार सुरू झाले ते दंशानंतर सहा दिवसांनी, तरीही तो वाचला. २६ ऑक्टोबर १८८५ रोजी पाश्चर यांनी विज्ञान अकादमीसमोर आपले निष्कर्ष मांडले आणि देशोदेशींचे रुग्ण पॅरिसला येऊ लागले. डिसेंबरात अमेरिकेतील न्यूअर्क येथून चार मुले समुद्रमार्गे आली. मार्च १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्क येथून लांडग्याने चावलेले एकोणीस जण आले. त्यांपैकी तिघे दगावले, सोळा वाचले.

अपयशेही आली. लुईझ पेलतिये ही दहा वर्षांची मुलगी डोक्याला झालेल्या दंशानंतर सदतीस दिवसांनी आणली गेली. उशीर झाला आहे, हे पाश्चर यांना कळत होते. तिला नाकारले असते तर लसीच्या कीर्तीला धक्का लागला नसता. त्यांनी तिला नाकारले नाही. डिसेंबरच्या आरंभी ती गेली. विरोधकांनी, विशेषतः मिशेल पेतेर या डॉक्टरांनी, लसच रोग निर्माण करते असा आरोप केला. इंग्लंडमध्ये नेमलेल्या समितीने स्वतंत्रपणे प्रयोग करून १८८७ मध्ये पाश्चर यांची बाजू उचलून धरली.

पाश्चर संस्था व अखेर

लोकवर्गणीतून उभारलेल्या पाश्चर संस्थेचे उद्घाटन १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये झाले. तोवर पाश्चर यांची प्रकृती इतकी खालावली होती, की त्यांचे भाषण मुलाला वाचून दाखवावे लागले. १८९२ मध्ये त्यांचा सत्तरावा वाढदिवस सोर्बोन येथे सार्वजनिकरीत्या साजरा झाला. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोझेफ लिस्टर त्यासाठी इंग्लंडहून आले होते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळील व्हिलनव्ह-लेतां येथे पाश्चर यांचे निधन झाले. शासकीय इतमामात अंत्यविधी झाल्यावर त्यांचा देह पुढे संस्थेच्या तळघरातील समाधीत ठेवण्यात आला. जोझेफ माइस्टर मोठेपणी याच संस्थेत द्वारपाल होता. जर्मन सैनिकांना समाधीचे दार उघडून देण्याऐवजी त्याने १९४० मध्ये प्राण दिला, अशी कथा पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. त्याने त्या वर्षी जूनमध्ये आत्महत्या केली हे खरे, पण समाधीची कथा विश्वसनीय नाही.

टिपणवह्या व वाद

पाश्चर यांच्या प्रयोगशाळेतील टिपणवह्या त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबाने दीर्घकाळ बाहेर दाखवल्या नाहीत. १९६४ मध्ये त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेल्या. त्यांचा अभ्यास करून अमेरिकन इतिहासकार जेराल्ड गाइसन यांनी १९९५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातून दिसते की, पुई-ल-फोर येथे वापरलेली लस पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने तयार केलेली शांबरलां यांची होती, पण प्रेक्षकांचा समज पाश्चर यांच्या प्राणवायूच्या पद्धतीची लस असा राहू दिला गेला. माइस्टरच्या आधीही १८८५ च्या मे–जूनमध्ये दोन रुग्णांना टोचण्या दिल्या होत्या. त्यांपैकी एक मुलगी लगेच दगावली. आणि माइस्टरवर जी क्रमवार पद्धत वापरली, तिच्या कुत्र्यांवरील चाचण्या तोवर पुऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे रू यांची हरकत निराधार नव्हती. या निष्कर्षांवर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. पाश्चर यांचे श्रेय त्यामुळे नाहीसे होत नाही, पण निष्कलंक संताची त्यांची प्रतिमा मात्र टिकत नाही.

भारतातील प्रसार

भारतात पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये कसौली येथे व दुसरी १९०७ मध्ये कुन्नूर येथे सुरू झाली. मुंबईशी पाश्चर परंपरेचा संबंध वाल्डेमार हाफकिन यांच्यामुळे जुळला. ते पॅरिसच्या संस्थेत काम करून भारतात आले आणि १८९७ मध्ये मुंबईत त्यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मृत विषाणूंची लस तयार केली. पोटात चौदा सुया घ्याव्या लागण्याची मागील पिढीची धास्ती ही याच प्रकारच्या लसीची देणगी होय. प्राण्यांच्या मेंदूपासून बनवलेली ही लस क्वचित मज्जासंस्थेचे विकार घडवी. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले.

आजचा उपचार

पेशींवर वाढवलेल्या विषाणूंच्या लसी आता दंडात टोचतात. स्नायूत देताना नेहमीचे दिवस ०, ३, ७, १४ व २८ असे असतात. कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो, जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. जखमेला हळद, तिखट किंवा चुना लावण्याची खेड्यापाड्यांतील प्रथा घातक आहे. त्याने जखम चिघळते आणि मोलाचे तास जातात. रक्त आलेल्या जखमेत व तुटलेल्या त्वचेला लाळ लागली असता, लसीसोबत तयार प्रतिपिंडे (इम्युनोग्लोब्युलिन) जखमेत व तिच्याभोवती टोचली जातात, कारण लसीपासून शरीराला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला काही दिवस लागतात. कुत्रे ओळखीचे असल्यास त्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण त्या निकालाची वाट पाहत उपचार थांबवून ठेवत नाहीत. ते दहाव्या दिवशीही ठणठणीत असेल, तर पुढील मात्रांविषयी डॉक्टर ठरवतात. पाश्चर यांना अशक्य वाटलेले कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण आता अनेक देशांत नियमितपणे होते. त्यांची पुण्यतिथी, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.